पिवळी कड

शाळा सुटली की खारू घरी न जाता सरळ दुकानात यायची. दुकान म्हणजे काय, दोन मोठ्या दुकानांच्या मधे उरलेली फट. पुढे एक फळी, फळीवर किल्ल्या कापायचं मशीन, मागच्या भिंतीवर खिळ्यांना अडकवलेल्या कोऱ्या किल्ल्या आणि कोपऱ्यात एक स्टूल. त्या स्टुलावर पूर्वी खारूची आई बसायची. आता खारू बसते. तिचे पाय जमिनीला टेकत नाहीत, म्हणून ती ते सारखे हलवत असते. तोंडात काही ना काही कुरतडणं चालूच असतं. आईने तिचं नाव त्यावरूनच खारू पाडलं होतं.

"बाबा, बटाट्याला आई-बाबा दोघं लागत नाहीत, माहितीये?"

किल्लीवाल्याने मशीन बंद केलं. "मग?"

"एकच लागतो. बटाट्याला डोळा फुटतो आणि त्यातून नवं झाड येतं. यीस्टला बारीकसा फुगवटा येतो, तो मोठा होतो आणि सुटून जातो. आणि पाण्यात हायड्रा असतो ना, त्याच्या तर अंगावरच पिल्लू उगवतं. बाईंनी फळ्यावर काढून दाखवलं. लग्न नाही, काही नाही."

"सुखी आहे बिचारा," शेजारचा घड्याळवाला डोळ्याला भिंग लावूनच म्हणाला. "सासू नाही, मेहुणा नाही."

"काका, चेष्टा नका करू. परीक्षेला आहे ते." खारूने पेन्सिलीचं टोक दाताखाली धरलं. "आणि बाई म्हणाल्या, एकाच जन्मदात्यापासून जे होतं ते त्याच्यासारखं हुबेहूब असतं. जरासुद्धा फरक नाही."

किल्लीवाल्याने हातातली किल्ली उजेडात धरून तिच्यावरून बोट फिरवलं. हुबेहूब या शब्दावर त्याचा विश्वास नव्हता. किल्लीवरून किल्ली कापताना केसाएवढा फरक पडतोच, तो कानशीने काढावा लागतो. कुणी नकलेवरून नक्कल मागितली तर तो सरळ सांगायचा, "मूळ किल्ली आणा, मग बोलू." पण पोरीच्या अभ्यासात कशाला नाक खुपसा, म्हणून त्याने किल्ली कानशीवर घेतली.

"म्हणजे एकट्याला जमतं," खारू म्हणाली. तिचे पाय हलायचे थांबले होते.

हे बटाट्याबद्दल नव्हतं. आदल्या रविवारी आजीचा फोन आला तेव्हा खारू आतल्या खोलीत होती, पण आजीचा आवाज फोनमधूनही भिंतीपार जायचा. "अहो, एकट्या पुरुषाला मुलगी वाढवणं जमतं का कधी? आता लहान आहे. उद्या मोठी होईल, तेव्हा काय करणार आहात? परीक्षा झाली की मी येते आणि तिला घेऊन जाते. इथे मी आहे, मोठं घर आहे, शाळा आहे."

त्यावर किल्लीवाला सासूबाईंना म्हणाला होता, "परीक्षा होऊ दे, आई." तो हो म्हणाला नव्हता आणि नाहीही म्हणाला नव्हता. सासूबाईंनी त्याचा अर्थ हो असाच घेतला, आणि त्याने तो सुधारला नाही.

का सुधारला नाही, हे त्याला कुणी विचारलं असतं तर त्याने खरं सांगितलं असतं. सासूबाईंचं चुकत होतं असं त्याला वाटत नव्हतं. त्याला भांग सरळ पाडता येत नव्हता. खारूचा फ्रॉक आखूड झालाय हे त्याला शाळेतल्या शिपाईणबाईंनी सांगितलं तेव्हा कळलं. बायको गेल्यापासून तो रोज उठत होता, दुकान उघडत होता, अंडी उकडत होता, कपडे धूत होता. पण घर चालवणं वेगळं आणि मुलगी वाढवणं वेगळं, एवढं त्यालाही कळत होतं. कुलूप उघडत नसेल तर तो कुलपाचं पोट फोडून बघायचा. इथे काय फोडायचं?

घरी खिडकीपाशी बायकोची कुंडी होती. लांब, जाड, सरळ उभी पानं, हिरव्यात करडे पट्टे, आणि दोन्ही बाजूंना बारीक पिवळी कड. कुणी शिंप्याने बेताने गोट लावावा तशी. या झाडाला लोक सासूची जीभ म्हणतात. ते आलंही होतं सासूबाईंकडूनच, लग्नानंतर पहिल्यांदा त्या घरी आल्या तेव्हा. "आई गेली की तिची जीभ मागे राहते," असं बायको म्हणायची आणि नाकातल्या नाकात हसायची. ती त्या झाडाला फारसं पाणी घालत नसे. म्हणायची, याला विसरलेलंच आवडतं.

त्या रात्री जेवताना खारू कुंडीकडे बघत म्हणाली, "बाबा, बाई म्हणाल्या पानाच्या तुकड्यापासूनही झाड होतं. याचं तर नक्की होतं. आपण करू या ना."

"कशाला?"

"मला न्यायला. एक बाईंना, एक काकांना. आणि एक मला." ती ताटाकडे बघत होती. "आजीकडे गेले तर तिथे आईचं झाड नको का?"

म्हणजे पोरीने जाणं धरून टाकलं होतं. किल्लीवाल्याने कुंडीतली पानं नजरेने मोजली. "करू," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाहेरच्या बाजूची दोन पानं बुंध्यापाशी कापली. किल्लीवाल्याने ती टेबलावर आडवी ठेवली आणि पितळी पट्टीने मोजून बोट-बोट लांबीच्या खुणा केल्या. तुकडा उलटा लावला तर मूळ धरत नाही, असं बाईंनी सांगितलं होतं. एकदा कापले की वर कुठलं नि खाली कुठलं, कळायचं कसं? त्याने प्रत्येक तुकड्याच्या वरच्या टोकाला बारीक खाच मारली, कोऱ्या किल्लीला मारतात तशी. खारू खूश झाली. "बाबा, तू भारी आहेस." तुकडे दोन दिवस सुकवून त्यांनी ते रिकाम्या डब्यांत वाळू-मातीत खोचले आणि खिडकीत ओळीने मांडले.

मग वाट बघणं सुरू झालं. खारू रोज उठल्या उठल्या डबे बघायची. तुकडे होते तसेच उभे होते, जिवंतही नाहीत आणि मेलेलेही नाहीत. एकदा तिने एक तुकडा उपटून बघितला आणि ओरडली, "मुळं आलीत!" पांढरी, दोऱ्यासारखी. किल्लीवाल्याने तो परत खोचून दिला आणि पुन्हा उपटायचा नाही अशी तंबी दिली. ती शाळेत गेल्यावर त्याने स्वतःच दुसरा एक उपटून बघितला.

पिल्लं वर आली ती परीक्षेच्या तोंडावर. मातीतून आधी गुलाबी टोक, मग गुंडाळलेलं कोवळं पान. खारू पुस्तक घेऊन खिडकीतच बसायची. पान उलगडलं. दुसरं उलगडलं. आणि मग एका सकाळी ती काहीच न बोलता स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली.

"काय गं?"

"त्यांना कड नाहीये."

तो बघायला गेला. पिल्लं धट्टीकट्टी होती. हिरवीगार, करड्या पट्ट्यांची. पण एकाही पानाला पिवळी कड नव्हती. त्याने बोटाने पान वळवून बघितलं, मागून बघितलं.

"येईल मोठं झाल्यावर," तो म्हणाला.

"नाही येणार. आईच्या झाडाची पिल्लं मातीतून वर येतात ना, त्यांना पहिल्यापासून असते." तिचा आवाज चढला. "तूच चुकीचं कापलंस! तू ती खाच मारलीस म्हणून!"

"खाचेने कसं काय होईल, खारू?"

"मग कशाने? बाई म्हणाल्या हुबेहूब येतं! यात आईचं काहीच नाही आलं. नुसतं हिरवं!" आणि ती तिथेच खाली बसून हमसाहमशी रडली. आई गेली तेव्हा जेवढी रडली नव्हती, तेवढी त्या डब्यांपाशी रडली. तो तिच्याशेजारी फरशीवर बसला आणि तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिला. त्या दिवशी दुकान उशिरा उघडलं.

दोनेक दिवसांनी शाळेतल्या विज्ञानाच्या बाई दुकानात आल्या. प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली हरवली होती, म्हणून त्यांनी कुलूपच काढून आणलं होतं. किल्लीवाला कुलूप खोलता खोलता म्हणाला, "बाई, एक विचारू? तुमच्या हुबेहूबने माझ्या घरात रडारड झालीय."

सगळं ऐकून बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, मलाही ती सांगून गेली. मग मी शोधून काढलं. मी वर्गात सांगितलं ते बरोबर आहे, पण हे झाड जरा वेगळं निघालं. ते एक दिसतं, पण त्यात दोन प्रकारच्या पेशी असतात. कडेला पिवळ्या, आतल्या बाजूला हिरव्या. दोघी शेजारी शेजारी वाढतात. पानाचा तुकडा लावला की नवं रोप फक्त हिरव्या भागातून उगवतं. पिवळीला एकटीला उगवायची ताकद नसते, तिच्यात हिरवेपणाच नाही ना. त्यामुळे ती मागेच राहते."

"मग कडेचं झाड करायचं कसं?"

"मातीखाली जाड कंद असतो. तो वाटून घ्यायचा, मुळांसकट. कोंबात दोन्ही असतात, तिथून आलं तर कडही येते." बाई पर्स उघडत म्हणाल्या, "पण ती हिरवी रोपं टाकून देऊ नका हं. ती तिचीच आहेत. शंभर टक्के."

त्याने किल्लीला शेवटची कानस मारली, कुलपात घालून फिरवली आणि बाईंच्या हातात दिली. बाई गेल्यावर तो एका कोऱ्या किल्लीच्या कडेवरून बोट फिरवत राहिला. शेवटी घड्याळवाला म्हणाला, "काय राव, समाधी लागली काय?"

परीक्षा संपली आणि ठरल्याप्रमाणे सासूबाई आल्या. हातात मोठी रिकामी बॅग. खारूचे कपडे भरायला. दारातच त्यांनी घराचा ताबा घेतला. "पडदे कधी धुतले होते? आणि हिच्या केसांत काय घरटं आहे का? बस इकडे. उद्या दुपारच्या बसची तिकिटं काढलीत मी." खारू मुकाट्याने त्यांच्यापुढे पाठ करून बसली. किल्लीवाल्याने चहा ठेवला.

केस विंचरताना सासूबाईंची नजर खिडकीकडे गेली. "हे कुठलं रोपटं?"

"तुमचंच आहे, आई. पानापासून केलं."

"माझं? माझ्याला कड असते. याचा रंग कुणी उडवला?" मग त्या जरा हसल्या, पण ते हसणं काही हलकं नव्हतं. "बघा, एकट्याच्या हाती वाढलं की असं होतं."

खारूने मान वळवली. किल्लीवाल्याने चहाचा कप सासूबाईंपुढे ठेवला.

जरा वेळाने सासूबाई आपणहूनच म्हणाल्या, "मला त्यातला एक गड्डा द्या. कडेच्याचा." आवाज एकदम खाली आला होता. "माझी कुंडी सडली."

"सडली? इतक्या वर्षांची?"

"रोज पाणी घातलं. ती गेल्यापासून सकाळी उठून काय करायचं कळायचं नाही. म्हणून पाणी घालायचे. कधी कधी दोनदा." त्या कंगव्यातले केस काढत होत्या. "खालून सगळा चिखल झाला. पानं हातात आली."

किल्लीवाला उठला. त्याने फरशीवर जुना कागद पसरला, कुंडी आडवी केली आणि कडेने थोपटत माती सैल केली. बायकोने भरलेली माती होती ती. एवढे दिवस त्याने तिला हात लावला नव्हता. गड्डा बाहेर आला तेव्हा तिघेही वाकून बघत होते. पिवळसर, बोटाएवढे जाड कंद एकमेकांत गुंतलेले. कुठून कुठे चाललेत, कळत नव्हतं. तो कुलूप तपासावं तसा बोटाने एकेक सांधा चाचपत गेला. एका जागी थांबून त्याने सुरी मागितली.

"जपून," सासूबाई म्हणाल्या.

"जपूनच."

कापताना ओल्या बटाट्यासारखा आवाज झाला. दोन भाग झाले, दोन्हींना पानं, दोन्हींना मुळं. तो म्हणाला, "आता ही जखम सुकू द्यायला हवी. लगेच मातीत घातलं तर सडेल. दोन-तीन दिवस तरी."

"म्हणजे उद्या नेता येणार नाही?"

"तुम्ही म्हणाल तसं. पण सडेल."

सासूबाईंनी एकदा त्याच्याकडे, एकदा कागदावरच्या गड्ड्याकडे बघितलं. एक सडलेली कुंडी त्यांनी नुकतीच उपसली होती. "तिकिटं बदलून आणा," त्या म्हणाल्या. "आणि येताना साबण आणा. पडदे धुते."

अशा त्या राहिल्या. पडदे धुतले. दुपारी दुकानात येऊन बसल्या आणि घड्याळवाल्याला त्याच्या फळीवरच्या धुळीवरून झाडलं. तो किल्लीवाल्याच्या कानात म्हणाला, "झाडाचं नाव कुणावरून ठेवलं, कळलं आता."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सासूबाई शेजारणीशी झालेलं आपलं भांडण रंगवून सांगत होत्या. ती असं म्हणाली, मग मी असं म्हणाले. खारू हनुवटीखाली मूठ धरून ऐकत होती. गोष्ट संपली तशी तिने एक भुवई वर केली आणि म्हणाली, "बरं, मग?"

सासूबाईंनी चमकून तिच्याकडे बघितलं. "हे काय गं? हे कुणाकडून शिकलीस?"

"आई म्हणायची."

"माझी मुलगी? कधीच नाही. ती तर ऐकूनच घ्यायची नाही कुणाचं. मधेच उठून जायची."

"दुकानात बसायला लागली तेव्हापासून," किल्लीवाला म्हणाला. "किल्ली हरवलेली माणसं येतात ना, ती नुसती किल्ली मागत नाहीत. कशी हरवली, कुणामुळे हरवली, घरात काय बोलणी खावी लागली, सगळं सांगतात. मला नाही जमायचं ते ऐकणं, मी आपला मशीन चालू करायचो. ती ऐकायची. आणि संपलं की भुवई अशी करून म्हणायची, बरं, मग? माणूस हसायलाच लागायचा. कितीतरी लोक नुसते तिच्याशी बोलायला यायचे."

तो एवढं सलग कधी बोलला नव्हता. सासूबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. "आणखी?" त्या म्हणाल्या.

"आणखी काय?"

"आणखी काय काय करायची, जे मला माहीत नाही?"

मग तो सांगत बसला. ती मांजरांना नावं ठेवायची नाही, फक्त आडनावं ठेवायची. फोनवर बोलताना भिंतीवर नखाने चौकोन काढायची, ते अजून तिथे आहेत. आजारपणात तिने त्याला उकडलेलं अंडं न मोडता त्याचं टरफल कसं काढायचं ते शिकवलं, आणि त्याला जमलं तेव्हा टाळ्या वाजवल्या. खारू मधेमधे त्याला दुरुस्त करत होती. "नाही बाबा, त्या मांजराचं आडनाव वेगळं होतं." सासूबाईंनी पदराने डोळे पुसले.

खारू झोपल्यावर किल्लीवाला म्हणाला, "आई, खारू इथेच राहील."

"परीक्षेनंतर म्हणाला होतात."

"परीक्षेनंतर बोलू, असं म्हणायला हवं होतं मला. ते मी स्पष्ट बोललो नाही, ते माझं चुकलं." तो शब्द जुळवत होता. "तुमच्याकडे ती चांगलीच वाढेल, त्यात शंका नाही. माझ्यापेक्षा चांगली. धट्टीकट्टी होईल. पण तुमच्याकडे तिच्या आईचं लहानपण आहे. ती आई झाल्यानंतरची माझ्याकडे आहे. या घरात, त्या दुकानात. खारू ते रोज उचलते, मला कळतही नाही कधी उचलते ते. इथून नेली तर ते मागे राहील. मला बोलता येत नाही नीट."

"रोप द्यायचं आणि पोर ठेवून घ्यायची," सासूबाई म्हणाल्या. "छान सौदा आहे जावयांचा."

"सौदा नाही. रोप तुमचं आहेच. खारू काहीही म्हणाली तरी रोप तुमचंच."

"ती काय म्हणते?"

त्याने झोपलेल्या खारूकडे बघितलं. एवढ्या दिवसांत हे खारूला कुणी विचारलंच नव्हतं. सासूबाईंनीही नाही, त्यानेही नाही.

सकाळी दोघांनी मिळून विचारलं. खारूने पाव कुरतडत आधी आजीकडे, मग बाबाकडे बघितलं. कुणाचा चेहरा कसा होतो, हे ती तपासत होती, हे दोघांनाही कळलं आणि दोघेही उगाच टेबलाकडे बघू लागले.

"आजी, तू रागावशील?"

"मी रागावतेच. त्याचं काय एवढं?"

"मग मी इथे राहते," खारू म्हणाली. "सुट्टीत येते तुझ्याकडे. पूर्ण सुट्टी. बाबाला भांग पाडता येत नाही, पण तो शिकेल. अंडं शिकला ना."

सासूबाईंनी चहाचा घोट घेतला. थंड झाला होता, तरी घेतला. "ती बॅग रिकामी परत न्यायची का मी?" त्या शेवटी म्हणाल्या. "आखूड झालेले कपडे भरा तिच्यात. कामाला बाया येतात माझ्याकडे, पोरं आहेत त्यांना. आणि जावई, ऐका. वर्षा-दोन वर्षांत काही विचारायची वेळ येईल, बापाला न सुचणारं. तेव्हा लाजायचं नाही. फोन करायचा. रात्री-अपरात्री करा."

"करेन, आई."

सुकलेला गड्डा त्यांनी डब्यात बसवला. जाण्याच्या दिवशी दोघेही सासूबाईंना बसपर्यंत पोचवायला गेले. बस भरलेली होती. त्या खिडकीजवळ बसल्या आणि डबा मांडीवर घेतला. कंडक्टर म्हणाला, आजी, ते खाली ठेवा, माती सांडेल. त्यावर सासूबाईंनी त्याला जे सुनावलं ते बसच्या बाहेरही ऐकू येत होतं. खाली ठेव म्हणतोस? तुझ्या पायाखाली? बस सुरू झाली तरी त्यांचं चालूच होतं, आणि मागच्या सीटवरची माणसं हसत होती.

खारू टाचा उंचावून जोरजोरात हात हलवत होती.

"आजी बघत नाहीये," किल्लीवाला म्हणाला.

"माहितीये," खारू म्हणाली, आणि हात हलवतच राहिली.